टेराकोटा सैन्याचे रंग गेले कुठे?

पुराजिज्ञासू
चीनमधल्या शीआनजवळ १९७४ साली सापडलेल्या चिन घराण्याच्या सम्राटाच्या मातीच्या सैनिकांवर मुळात भडक रंग होते म्हणे. मग आज सगळे मातकट का? 'लाखेचा थर सुकला' असं वाचलं, पण लाखेला पाण्याचं काय? आणि पुतळे साच्यातून काढलेत का?

हिंगूळ
'लाख' या शब्दानेच घोळ होतो. लाख किड्यापासून मिळते. हा थर झाडाच्या चिकाचा आहे. झाड बिब्ब्याच्या कुळातलं, कच्चा चीक अंगावर तसाच उततो. भाजलेल्या मातीवर आधी या चिकाचे एक-दोन हात आणि त्यावर रंग: हिंगुळाचा लाल, मॅलाकाइटचा हिरवा, अझुराइटचा निळा, हाडांच्या राखेचा पांढरा. शिवाय एक अप्रतिम जांभळा, बेरियम आणि तांब्याचं सिलिकेट, जो चिनी कारागिरांनी भट्टीत तयार केला होता.

सुमारे २,२०० वर्षं ओल्या मातीत राहून चिकाच्या थरात पाणी मुरलंय. उकरल्यावर आर्द्रता साधारण ८४ टक्क्यांखाली गेली की थर आकसतो, कडा वळतात, काही मिनिटांत पापुद्रे सुटतात. रंगाची पकड चिकावर, मातीवर नाही, त्यामुळे तोही जातो. बराच रंग तर भोवतालच्या ढेकळांनाच चिकटून येतो, म्हणून ती ढेकळं फेकायची नसतात.

पुराजिज्ञासू
मग वाचवतात कसा?

हिंगूळ
पुतळा उघडा पडताच ओला ठेवून प्लास्टिकने झाकायचा. मग पॉलिएथिलीन ग्लायकॉल २०० या पाण्यात मिसळणाऱ्या रसायनाचं द्रावण चढत्या प्रमाणात मुरवायचं: ३०, ६०, ८० टक्के. पाण्याची जागा ते घेतं आणि उडून जात नाही. सुरुवातच घट्ट द्रावणाने केली तर पाणी झपाट्याने बाहेर खेचलं जातं आणि जे टाळायचं तेच होतं. थर मातीला धरून राहावा म्हणून सोबत पॉलियुरेथेनचं इमल्शन. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या संवर्धकांबरोबर ही पद्धत बसवली गेली.

कुंभारचाक
साच्याबद्दल: अख्खा पुतळा साच्यातला नाही. पाय बहुधा भरीव, धड पोकळ, मातीच्या वळ्या एकावर एक रचून. खालचा भाग सुकून जरा घट्ट झाल्याशिवाय वरची वळी चढवली तर धड खचतं. डोकी आणि हात वेगळे. चेहऱ्याचा ढोबळ आकार साच्यातून, पण कान, मिशा, अंबाडा हाताने; म्हणूनच चेहरे इतके जिवंत वाटतात. डोकं वेगळं असल्याने गळ्याचं तोंड उघडं राहतं. बंद पोकळ धड भट्टीत घातलं तर आतल्या वाफेने तडकेल.