बेनिनची पितळी शिल्पं लंडनलाच राहू द्यायची?

पेठकर: काल इथे एकाने लिहिलं, "बेनिनची शिल्पं लंडनला आहेत म्हणून टिकली, नायजेरियाला दिली तर वर्षभरात बाजारात दिसतील." रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. 1897 साली इंग्रजांच्या फौजेने आजच्या नायजेरियातलं बेनिन शहर लुटलं, तिथल्या राजाला, म्हणजे ओबा ओवोनराम्वेनला, कलाबारला हद्दपार केलं, हजारो वस्तू उचलल्या आणि त्यातल्या कितीतरी विकल्या. बाजारात आणल्या कुणी मग? जर्मनीने डिसेंबर 2022 मध्ये 20 शिल्पं नायजेरियाच्या राजधानीत, अबुजाला नेऊन दिली. ब्रिटिश म्युझियम मात्र संग्रहातल्या वस्तू देऊन टाकू न देणाऱ्या 1963 च्या कायद्याआड बसलंय.

खडूस वाचक: ते मीच लिहिलं, आणि मागे घेत नाही. मार्च 2023 मध्ये नायजेरियाच्या अध्यक्षांनी परत आलेल्या शिल्पांची मालकी आजच्या ओबाच्या नावे केली. देशाला दिलेलं एका घराण्याकडे गेलं! शिवाय शिल्पांचं पितळ आलं पोर्तुगीज व्यापारी चलन म्हणून आणत त्या कड्यांतून, आणि त्या कड्यांच्या बदल्यात माणसंही विकली जात. त्या गुलामांचे अमेरिकेतले वंशज वाटा मागतात, त्यांना काय सांगणार?

लागोसकरीण: लागोसला नोकरीत असताना मी बेनिन शहरात गेले होते. इगुन गल्लीत आजही ओतारी काम करतात. मेणाची मूर्ती, वर मातीचा लेप, मेण वितळून गेलं की आत पितळाचा रस. एका म्हाताऱ्या ओताऱ्याने मोबाइलवर लंडनमधल्या एका पितळी फलकाचा फोटो उघडला आणि दोन बोटांनी काठाची नक्षी मोठी करून दाखवली. आजोबांच्या आजोबांचं काम, म्हणाला. प्रत्यक्ष बघायला निघाला, तर व्हिसा दोनदा नाकारला.

सातारकर: आपली वाघनखं आठवा. 2024 ला लंडनहून साताऱ्यात आली, तीही तीन वर्षांच्या बोलीवर. माझे वडील काठी टेकत रांगेत उभे होते. आपल्याच वस्तूला उसनी म्हणायचं?

खडूस वाचक: ती लुटीची नाहीत. ग्रँट डफला भेट मिळाली होती, पेटीवर तसं लिहिलंय. आणि ती महाराजांचीच, याची खात्री ती ज्याची आहेत ते लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमही देत नाही.

सातारकर: साताऱ्याच्या रेसिडेंटला "भेट"! राज्य गेल्यावर नाही म्हणायची सोय होती का कुणाला? माझ्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी होतं, तुम्ही पेट्या वाचत बसा.

खडूस वाचक: वडिलांना मध्ये आणू नका. पुरावा आणा.

लागोसकरीण: अहो, बेनिनच्या लुटीचा तर पुरावा आहे ना? तारखेसकट! त्याच्यावर बोला.

खडूस वाचक: लूट होती, मान्य. ओताऱ्याला व्हिसा द्यायला हवा होता, तेही मान्य. ओबाच्या मालकीवर मात्र मी हटणार नाही.

पेठकर: नका हटू. ते भांडण बेनिनच्या लोकांना त्यांच्या ओबाशी करू दे. त्यात लंडनचा काय संबंध?