प्रश्न विजेच्या भुकेचा आहे

इलेक्ट्रिक टर्बो म्हणजे विजेच्या मोटरने इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र. ‘इलेक्ट्रिक टर्बो म्हणजे निव्वळ फसवणूक’ असं एक मत आहे. ते इनटेक पाइपात (इंजिनाकडे हवा नेणाऱ्या नळीत) बसवायच्या स्वस्त 12 व्होल्टच्या पंख्यांबद्दल अगदी बरोबर आहे. दोन लिटरचं इंजिन 6000 आरपीएमला (मिनिटाला 6000 फेऱ्यांना) सेकंदाला साधारण 100 लिटर हवा ओढतं. तिच्यावर अर्धा बार (वातावरणाच्या दाबाच्या साधारण निम्मा) जादा दाब चढवायचा तर 6-7 किलोवॅट लागतात, म्हणजे 12 व्होल्टवर 500 अँपिअरच्या वर! गाडीत वीज बनवणाऱ्या साध्या अल्टरनेटरच्या आवाक्यातलं हे काम नाही. उलट तो पंखा हवेच्या वाटेत अडथळाच होतो.

पण सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. ऑडीने 2016च्या एसक्यू7 या गाडीमध्ये 48 व्होल्टवर चालणारा 7 किलोवॅटचा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर दिला. तो पाव सेकंदात 70,000 आरपीएम गाठतो आणि एक्झॉस्टवरचे (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर फिरणारे) टर्बो जागे होईपर्यंतची पोकळी भरून काढतो. खरा फायदा तिथेच, कमी आरपीएमला.