आत्याच्या नावाने तोतया बाई उभी करून जमीन विकली, फेरफाराची मुदत चालू आहे – मदत हवी आहे

नमस्कार. प्रकरण तातडीचं आहे, म्हणून थेट सांगते.

माझी आत्या ८१ वर्षांची. लग्न केलं नाही, नोकरी वडोदऱ्यात झाली आणि निवृत्तीनंतरही ती तिथेच राहिली. रत्नागिरी जिल्ह्यात आमच्या गावी वाटपात तिला ३२ गुंठे आले. थोडी हापूसची कलमं, बाकी वरकस. सातबारा तिच्या एकटीच्या नावावर, भोगवटादार वर्ग १ (म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागत नाही), बोजा नाही, कुळ नाही. कलमं शेजारचे दादा राखतात. खुब्याचं हाड मोडल्यापासून आत्या अंथरुणाला खिळली आहे, पण डोकं अगदी शाबूत आहे.

परवा त्याच दादांचा फोन आला. तलाठी कार्यालयाच्या फलकावर खरेदीखतावरून तुमच्या गटाच्या फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची, नोटीस लागली आहे, जमीन विकलीत का? महसूल विभागाच्या ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर पाहिलं तर नोटीस खरी. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गट क्रमांक टाकून सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) काढली आणि मग दस्ताची नक्कल मिळवली. लिहून देणार म्हणून आत्याचं पूर्ण नाव आहे, पण फोटो साठीच्या एका अनोळखी बाईचा. सही मराठीत. आत्या आयुष्यभर इंग्रजीत सही करत आली आहे. जोडलेल्या आधारच्या प्रतीवर नाव आत्याचं, चेहरा त्या बाईचा, पत्ता मुंबईचा. ओळख पटवणारे दोघेही गावातले नाहीत. मोबदला मिळाल्याचं लिहिलं आहे, आत्याच्या खात्यात एक रुपयाही आलेला नाही.

खात्यातून शंभर रुपये निघाले तरी आत्याच्या मोबाइलवर संदेश येतो. इथे ३२ गुंठे गेले आणि ते कळलं, कारण शेजाऱ्याने फलक वाचला. एकच नाव, कोरा सातबारा, मालक परराज्यात आणि वयस्कर, जवळ वारस नाही, हे सगळं हेरूनच कुणीतरी हा गट निवडलाय. ऑनलाइन सातबारा कुणालाही दिसतो म्हणून हे घडलं असं काही नातेवाईक म्हणतात, मला ते पटत नाही. त्याच उघड नोंदींमुळे आम्हाला दोन दिवसांत सगळा दस्त हाती लागला. दस्त नोंदवताना खऱ्या मालकाला कळवलं जात नाही, अडचण तिथे आहे.

आता कळत नाही ते असं: आत्या येऊ शकत नाही, तर हरकत कुणाच्या सहीने द्यायची? दस्त नोंदवणाऱ्या कार्यालयात गेलो, तर ‘आम्ही रद्द करू शकत नाही, कोर्टात जा’ एवढंच ऐकायला मिळालं. हे खरं आहे का? आणि पोलिसात तक्रार वडोदऱ्यात करायची की गावच्या ठाण्यात?

प्रतिसाद (निवृत्त महसूल कर्मचारी)

ताई, बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी हरकत द्या. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५० खालच्या नोटिशीला १५ दिवसांची मुदत असते. हरकत आत्याबाईंच्याच सहीने करा. सोबत त्यांचं खरं आधार, जुन्या सहीचा नमुना (बँकेचा किंवा पेन्शनचा कागद चालेल) आणि दस्ताच्या तारखेला त्या वडोदऱ्यात अंथरुणावर होत्या असा डॉक्टरांचा दाखला लावा. कागद तुम्ही नेऊन दिलात तरी चालतो. गावच्या महसूल अधिकाऱ्याकडे (म्हणजे तलाठ्याकडे) समक्ष द्या आणि तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका. एकेक प्रत मंडळ अधिकारी आणि तहसीलदारांनाही द्या.

हरकत आली की नोंद विवादग्रस्त होते आणि सुनावणी लागते. पण त्यावर विसंबू नका. ‘नोंदणीकृत दस्त आहे, आम्ही त्याच्या खरेपणात जाणार नाही’ असं म्हणून नोंद मंजूर केल्याचं मी नोकरीत बरेचदा पाहिलंय. तसं झालंच तर प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) कलम २४७ खाली अपील करता येतं, मुदत ६० दिवस. आणि घाबरू नका, फेरफाराने मालकी ठरत नाही.

प्रतिसाद (दिवाणी वकील)

कार्यालयात सांगितलं ते कडू असलं तरी बरोबर आहे. एकदा नोंदवलेला दस्त दुय्यम निबंधक स्वतः रद्द करू शकत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सत्यपाल आनंद प्रकरणात हीच भूमिका घेतली. दिवाणी दावा लावून दस्त बनावट आहे आणि आत्यांवर बंधनकारक नाही असं जाहीर करून मागा, सोबत पुढच्या विक्रीला आणि ताब्यात ढवळाढवळ करायला तात्पुरती मनाई मागा. दस्त रद्द झाला की न्यायालय हुकूमनाम्याची प्रत नोंदणी कार्यालयाला पाठवतं आणि तिथल्या नोंदीवर तसा शेरा येतो. मुदत कळल्यापासून तीन वर्षं आहे, तुम्ही मात्र याच महिन्यात लावा.

फौजदारी बाजू वेगळी चालते. खोटी व्यक्ती उभी करणं हा नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ८२ खाली गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. शिवाय भारतीय न्याय संहितेची तोतयेगिरी आणि बनावट दस्ताची कलमं लागतील. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, हद्दीचं कारण सांगून गुन्हा नोंदवायला नकार देता येत नाही. वडोदऱ्यात शून्य क्रमांकाने (‘झिरो एफआयआर’) गुन्हा नोंदवा, तो इकडे वर्ग होईल. सह जिल्हा निबंधकांना आजच लेखी कळवा की त्या दस्ताचे अंगठ्याचे ठसे, फोटो आणि कार्यालयाचं कॅमेरा चित्रण जपून ठेवावं. सहीवर वाद घालता येतो, अंगठ्यावर नाही.

आत्यांच्या वतीने कामं करायला तुमच्या नावे कुलमुखत्यारपत्र लागेल. आजारपणामुळे येता येत नसेल तर निबंधक घरी येऊन ते प्रमाणित करू शकतात.

गोव्यातही हेच झालं. मालक परदेशी किंवा मयत बघून जुने कागद बनवून जमिनी लाटल्या गेल्या. २०२२ मध्ये त्यासाठी सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. हरकत आज दिली, तिन्ही ठिकाणची पोच आहे. आत्याने सही करताना हात थरथरला तरी पूर्ण नाव लिहिलं. निबंधकांना पत्रही गेलं.

एक भीती उरली आहे. मनाई मिळेपर्यंत त्या माणसाने जमीन तिसऱ्याला विकली तर? कलमांपाशी आत्याच्या नावाचा फलक लावून स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतोय, म्हणजे पुढचा कुणी ‘मला माहीत नव्हतं’ म्हणू शकणार नाही. दावा चालू असतानाच पुन्हा विक्री झाल्याचं कुणी अनुभवलंय का, आणि तेव्हा नव्या खरेदीदाराला दाव्यात कसं आणलं? रत्नागिरीत अशी प्रकरणं चालवलेला वकील माहीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवा.