डिस्प्लेत शेवाळ : 'आळशी रीफ' म्हणणाऱ्यांना उत्तर

ओहोटीकर

परवा आपल्या या समुद्री टँकच्या फोरमवर, नायट्रेटच्या धाग्यावर, शून्यफॉस्फेट यांनी जाता जाता पिंक टाकली : "डिस्प्लेत (समोरच्या शोभेच्या टँकमध्ये) मॅक्रो, म्हणजे मोठं शेवाळ, वाढवणं म्हणजे दिवाणखान्यात मेथीची जुडी मांडणं. कोरल जमत नाहीत त्यांचा हा आळशी रीफ. शेवाळाची जागा खाली, संपमध्ये (गाळणीच्या टाकीत)." त्यावर भराभर +१. तिथेच भांडलो असतो तर धागाकर्त्याचा नायट्रेट बाजूला राहिला असता, म्हणून हा वेगळा धागा.

आळशी म्हणे! तुम्ही लोक करता काय? माशांना खाऊ घालता, नायट्रेट-फॉस्फेट चढतं, मग फॉस्फेट शोषणारं जीएफओ लावून, नायट्रेट खाणारे जिवाणू पोसायला व्होडका ओतून ते खाली आणता. आकडा शून्यावर आला की डायनो (चिकट थर धरणारे सूक्ष्मजीव) येतात, दगडांवर तपकिरी शेंबूड लोंबायला लागतो, आणि मग पोटॅशियम नायट्रेट विकत आणून आकडा परत वर चढवता. मी रविवारी कात्री घेऊन मूठभर ग्रॅसिलारिया (लाल शेवाळ) कापतो. त्या मुठीतून नायट्रोजन टँकच्या बाहेर. विषय संपला.

माझा चार फुटी टँक ठाण्यात आहे. लाल ग्रॅसिलारिया (ही रत्नागिरीच्या, आमच्या मिऱ्याच्या खडकांवरून आणलेली), कोडियम, थोडा चुनखडी चकत्यांचा हॅलिमेडा, मागच्या कोपऱ्यात चिटो (गुंतवळीसारखं हिरवं शेवाळ). मासे मोजके, त्यात एक मँडरिन. तो चिटोच्या कडेकडेने सरकतो, थबकतो, तोंड खाली करून काहीतरी टिपतो, परत सरकतो. दिवसभर हेच. दुकानातून आणलेला मँडरिन महिन्याभरात काडी झालेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना यातलं सुख सांगायला नको. चिटो डिस्प्लेत आहे म्हणून पॉड्स (तो टिपतो ते बारीक कवचधारी जीव) माशासमोर आहेत. संपमधले पॉड्स पंपातून वर येईपर्यंत किती उरतात?

आणि 'रीफ म्हणजे फक्त कोरल' हे कोणी ठरवलं? रीफवरची पांढरी वाळू कित्येक ठिकाणी हॅलिमेडाच्या मेलेल्या चकत्यांचीच असते.

शून्यफॉस्फेट

माझ्यासाठी स्वतंत्र धागा! धन्य झालो.

आता ऐका. माझ्या मेव्हण्याने असंच कौतुकाने डिस्प्लेत कॉलर्पा नावाचं हिरवं शेवाळ वाढवलं होतं. एकदा सकाळी सकाळी त्याचा फोन. मी पोचलो तर पाणी हिरवट दुधाळ, पलीकडची काच दिसत नव्हती. पानं आरपार पांढरी, बोट लावलं की विरत होती. स्किमरचा (फेसातून मळ काढणाऱ्या यंत्राचा) कप भरून खालच्या कपाटात वाहत होता आणि मासे वर येऊन तोंडं उघडत होते. क्लाउन माशांची जोडी गेली, कोळंबी गेली. कॉलर्पाचं अख्खं झुडूप म्हणजे एकच पेशी. पुनरुत्पादनाची लहर आली की सगळं जीवद्रव्य पाण्यात सोडून मोकळं. संपमध्ये चोवीस तास दिवा ठेवून हे टाळता येतं. डिस्प्लेत ठेवाल चोवीस तास दिवा? मासे झोपणार कधी?

दुसरं, पीएच. संपचा दिवा रात्री लावला की रात्री घसरणारा पीएच सावरतो. तुमचं शेवाळ दिवसा कोरलच्याच वेळेला कार्बन डायऑक्साइड ओढणार आणि रात्री सगळे मिळून सोडणार. दिवसा ८.३, पहाटे ७.८. याला स्थिर टँक म्हणायचं?

तिसरं, रॅशर आणि हे (Hay) या दोन संशोधकांनी २०१० मध्ये पॅनामा आणि फिजीच्या रीफवर तपासून दाखवलंय की कित्येक शेवाळांचा नुसता स्पर्श कोरलला मारतो. सावली पडते म्हणून नव्हे, रसायनांनी. वाचा आणि मग मँडरिनच्या गोष्टी सांगा.

बंड्या_बशा

जागा धरून बसलोय. कोणी चहा सांगा.

ओहोटीकर

कॉलर्पाचं नाव मी माझ्या यादीत कुठे घेतलंय? दाखवा. एक कॉलर्पा वेडं वागतं म्हणून सगळं शेवाळ बदनाम. आणि चोवीस तास दिव्याने ते टळतं हे फोरमी शहाणपण आहे. तसा दिवा असताना फुटलेलं कॉलर्पाही लोकांनी पाहिलंय.

रॅशर-हे मीही वाचलंय. मुद्दा स्पर्शाचा आहे. त्या शेवाळांचे अर्क पाण्यात विरघळणारे नव्हते, तेलात विरघळणारे होते, म्हणून चिकटून बसलं तरच बाधतं. वीतभर अंतर ठेवा, कात्री चालवा. शीर्षकातच लिहिलंय त्यांनी की शाकाहारी माशांचा ताबा नसेल तेव्हा. माझ्या टँकमध्ये तो ताबा मी आहे.

पीएचचं म्हणाल तर आधी एसीच्या बंद खोलीची खिडकी उघडून बघा. घरातल्या माणसांच्या श्वासानेच तुमचा ७.८ होत असतो.

शिंपली

तुमचं पीएच चालू द्या. मी वेगळ्या कारणासाठी लिहितेय. ग्रॅसिलारिया "आमच्या मिऱ्याच्या खडकांवरून आणलेली" हे ओहोटीकर इतक्या सहज कंसात लिहून जातात आणि कोणालाच काही वाटत नाही?

मी मालवणला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. अमावास्येच्या ओहोटीला मुलांना कातळावर न्यायचो. सुरुवातीला डबक्या डबक्यांत सारगॅसम, पॅडिना, उल्वा, ग्रॅसिलारिया. नंतर नंतर आमच्या आधीच पोचलेली शहरातली पोरं दिसायला लागली. पिशव्या, बॅटरीवरचे एअर पंप, आणि हातात पाना. शेवाळ कापत नाहीत, दगडासकट उपटतात, कारण 'दगडासकट टिकतं' असं कोणीतरी कुठेतरी लिहिलंय. मूळची पकडच गेल्यावर तिथे पुढच्या हंगामात काय उगवणार? मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं. त्याच्या हद्दीतून काही उचलणं तर सरळ गुन्हा आहे. आणि आणून करता काय? सारगॅसम, पॅडिना टँकमध्ये कुजतं. मग म्हणे अमोनिया का चढला.

शून्यफॉस्फेट

शिंपलीताई, शंभर टक्के सहमत. हाच मुद्दा मी मांडणार होतो.

ओहोटीकर

तुम्ही कधी मांडणार होतात? पीएचच्या आधी की नंतर?

शिंपलीताई, तुमचा राग समजतो, पण तो चुकीच्या माणसावर निघतोय. माझी आजी मिऱ्याच्या त्याच कातळावर कोयती घेऊन कालवं फोडायची. शेवाळाला तेव्हा कोणी विचारत नव्हतं. मी उपटली नाही, वरची शेंडं कात्रीने घेतली, तीही पावसाळा संपून जोम धरल्यावर. मिऱ्या अभयारण्यात येत नाही. त्या मुठीतून आज घरात इतकी झालीय की वाटत बसतो. ज्याने माझ्याकडून नेली तो खडकावर जाणार नाही. म्हणजे मी खडक वाचवतोय की ओरबाडतोय?

शिंपली

प्रत्येक जण "मी फक्त मूठभर" म्हणतो. आजीचा दाखला देऊ नका, आजी डोंबिवलीहून गाडी करून येत नव्हती.

आणि वाटता त्याचंही सांगते. आणणं हा अर्धाच प्रश्न आहे. कापलेली मूठ टाकता कुठे? १९८४ मध्ये मोनॅकोच्या समुद्री संग्रहालयाजवळ कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा एक चौरस मीटरचा ठिपका दिसला होता. पुढे भूमध्य समुद्राचा केवढा तळ त्याने झाकला ते सगळ्यांना माहीत आहे. २००० मध्ये तेच अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या खाडीत सापडलं. ताडपत्र्या अंथरून, खाली क्लोरीन सोडून मारावं लागलं, २००६ ला सुटका जाहीर झाली. लांब कशाला, आपल्याकडे रामेश्वरमजवळ कप्पाफायकस या शेवाळाची शेती केली, आणि ते कुरुसडाई बेटाच्या जिवंत कोरलवर चढलेलं २००८ मध्ये नोंदवलं गेलं. ते तर सरकारी आशीर्वादाने आणलेलं. तुमच्या टँकमधून उद्या काय कुठे जाईल याची हमी कोण देणार?

टँकरपाणी

अवांतर आहे, पण राहवत नाही. हे सगळं खडकावरून आणायची वेळ का येते? दुकानदारांमुळे. मला एकाने 'इंडोनेशियाची इंपोर्टेड ड्रॅगन्स ब्रेथ' (लाल शेवाळ) म्हणून हजार रुपयांना एक फांदी विकली. घरी आणून बघतो तर बुडाला चिकटलेला जांभा! आणि त्यावर आपल्या किनाऱ्यावरची शिंपली (ताई, तुम्ही नव्हे). परत गेलो तर म्हणतो, पाण्याने रंग बदलतो.

त्याच महाभागाने जुलैत 'खोल समुद्राचं पाणी' म्हणून दोन कॅन दिले. खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरला जेमतेम १.०१८. पावसात खाडीच्या तोंडावर भरून आणलं असणार. आमच्याकडे उन्हाळ्यात सोसायटीला टँकर, त्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) इतका की पाणी शुद्ध करणारं डीआयचं रेझिन बघता बघता बसतं. आता मीठ कालवायचं ते कशात?

बंड्या_बशा

धाग्याचा काश्मीर झाला, अभिनंदन. टँकरपाणींना कोणीतरी उत्तर द्या, ते रडतायत.

शून्यफॉस्फेट

मूळ विषयावर या. म्हणजे असं दिसतंय की डिस्प्लेत शेवाळ ठेवायला आधी किनारा लुटायचा, मग उरलेलं नाल्यात सोडून दुसऱ्याचा किनारा बुडवायचा. माझे कोरल निदान बिलाने येतात.

ओहोटीकर

बरं झालं बिलाचं काढलंत. मी थांबलो होतो.

२००१ पासून आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारे कोरल आहेत, सी फॅन आहेत, समुद्रघोडे आहेत. वाघ ज्या अनुसूचीत तिथेच. मिऱ्याचं शेवाळ त्यात नाही. तुमच्या त्या हिरव्या झगझगीत अ‍ॅक्रोपोरा कोरलच्या फांद्या कुठल्या समुद्रातल्या, हे बिलावर लिहिलंय का? लाईव्ह रॉक (जीवजंतूंसकटचा समुद्री दगड) कुठला? निळ्या डिस्को दिव्याखाली बसून मला किनारा वाचवायला शिकवू नका.

शून्यफॉस्फेट

माझे कोरल फ्रॅग आहेत, टँकमध्येच वाढवलेल्यांचे तुकडे. वैयक्तिक पातळीवर उतरायचं असेल तर मी चाललो.

शिंपली

जाऊ नका, तुम्हालाही सांगते. बिल म्हणजे परवाना नव्हे. आणि पहिला तुकडा कुठून तोडला हा प्रश्न फ्रॅगलाही लागू आहे. आता दोघं मिळून मला शिव्या घाला.

पाणकावळा

कोणाला शिव्या न घालता चार शब्द. मी दोन्ही करून बघितलंय. ओहोटीकर एक गोष्ट सांगत नाहीत : डिस्प्लेतलं शेवाळ उपाशी मरतं. मासे कमी आणि शेवाळ जोमात असलं की नायट्रेट संपतं, ग्रॅसिलारियाचा लाल रंग उडून पिवळट होतो, लोह कमी पडलं की हिरवी शेवाळं फिकी पडतात. मग खत घालावंच लागतं. म्हणजे ज्या पोटॅशियम नायट्रेटवर हसलात तीच बाटली कपाटात येते. हॅलिमेडा कॅल्शियम ओढतो ते वेगळं. पाणी पिवळं पडतं, ते शोषायला कार्बन लागतो. आणि येलो टँग किंवा फॉक्सफेस असे शेवाळखाऊ मासे आणलात तर एका दुपारीत बाग साफ.

शून्यफॉस्फेटही एक सांगत नाहीत. निळ्या दिव्याखाली हिरवं शेवाळ काळं दिसतं म्हणून त्यांना ते कुरूप वाटतं. लाल शेवाळाला निळा-हिरवा प्रकाश उत्तम पचतो. साध्या पांढऱ्या ६५०० केल्विनच्या दिव्याखाली दुपारी ग्रॅसिलारियाच्या टोकांवर ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे धरलेले एकदा बघा, मग मेथीची जुडी म्हणा.

शून्यफॉस्फेट

ठीक. म्हणजे कॉलर्पा नको, टँग नको, कोरल वीतभर लांब, कार्बन बदलत राहायचा, लोह घालायचं, नायट्रेट मोजून ओतायचं, आठवड्याला कात्री, आणि कात्रणाची विल्हेवाट शिंपलीताईंना विचारून. इतकं सगळं करणाऱ्याला मी आळशी म्हणालो, तो शब्द मागे घेतो. दुसरा शोधतो.

ओहोटीकर

शोधा, सवडीने शोधा. बाटली माझ्या कपाटात आहे, पाणकावळेसाहेब, क्वचित उघडतो.

शिंपलीताई, कात्रण उन्हात कडकडीत वाळवून मग कचऱ्यात जातं. नाल्यात नाही, संडासात नाही. ज्यांना वाटतो त्यांच्याकडूनही हे कबूल करून घेतो.

शिंपली

वाळवता हे चांगलं करता. खडकावरून उचलण्याबद्दल माझं मत तेच आहे.

टँकरपाणी

मला चिटो कोण देतंय ते सांगा. पुण्यात हवं. कुरिअर नको, मागच्या वेळी पिशवीतून लगदा निघाला होता.

शून्यफॉस्फेट

माझ्या संपमध्ये ढीग आहे. कोथरूडला या, फुकट न्या. डिस्प्लेत टाकणार नाही असं कबूल करा आधी.

टँकरपाणी

संपच नाहीये हो माझ्याकडे.