आईला घेऊन फुजी चढायचाय, झेपेल का?

बारीची_वाट:
नमस्कार मंडळी. येत्या जुलैत आईला (वय 59) घेऊन जपानला चाललेय, धाकटा भाऊ तोक्योत नोकरीला आहे. आई गेली वीसेक वर्षं नवरात्रात कळसूबाईला जाते, शिड्यांवर आमच्या आधी वर पोचलेली असते. फुजीच्या माथ्यावरही देवी आहे असं भावाने सांगितलं आणि तेव्हापासून तिचं एकच चाललंय, "मला त्या देवीला जायचंय." बीपीची एक गोळी चालू आहे, गुडघे ठणठणीत. भावाच्या ऑफिसातले लोक म्हणतात, संध्याकाळच्या बसने जा, रात्रभर चढा, माथ्यावर सूर्योदय बघा, दुपारपर्यंत घरी. हे बरोबर आहे का? आई शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. जे स्वतः जाऊन आलेत त्यांनी कृपया लिहा.

योकोहामावासी:
ताई, रात्रभर चढायचं आधी डोक्यातून काढा. जपानीत त्याला 'दांगान तोझान' म्हणतात, बंदुकीच्या गोळीसारखी चढाई. आता तसं सोडतही नाहीत. 2025 च्या मोसमापासून योशिदा वाटेचं, म्हणजे बहुतेक लोक जातात त्या वाटेचं, फाटक दुपारी 2 ते पहाटे 3 बंद असतं, वर मुक्कामाचं बुकिंग असेल तरच आत घेतात. माणशी 4000 येन भरावे लागतात.

मी तीनदा गेलेय. तिसऱ्यांदा बाबांना नेलं होतं. वय 61, साताऱ्याचे, रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाऊन येणारे. तुमच्या आईसारखेच, म्हणून सविस्तर लिहिते.

पायथ्यापासून माथ्यापर्यंत वाटेचे दहा टप्पे मानतात. बसने पाचव्या टप्प्यावर, म्हणजे 2300 मीटरवर उतरलो आणि लगेच चालायला लागलो. ही माझी चूक. तिथे निदान तासभर थांबून अंगाला त्या हवेची सवय होऊ द्यायची असते. कळसूबाईचा माथा 1646 मीटर, म्हणजे इथे चढाई सुरू होते तीच आपल्या सगळ्यात उंच शिखरापेक्षा वर. पहिले दोन तास बाबा माझ्या पुढे. सातव्या टप्प्यापासून लाव्हाचा कातळ लागतो, तिथे साखळीच्या कडेने हात टेकत चढावं लागतं. बाबा खुशीत म्हणाले, "हा तर आपलाच दगड." खरंच आहे, सह्याद्रीचा काळा दगडही बेसाल्टच. पण आपला साडेसहा कोटी वर्षांचा, पावसाने झिजलेला. इथला अजून खरबरीत, भोकाभोकांचा, हातमोजे नसले तर तळहात सोलतो.

साधारण 3100 मीटरवर बाबा गप्प झाले. बुटाची नाडी सुटली होती म्हणून खाली बसले, दोन्ही टोकं हातात धरली आणि तशीच धरून राहिले. गाठ मारायचं सुचेचना. विचारलं तर म्हणाले, "काही नाही, जरा झोप येतेय." पाय मजबूत होते, श्वासही फार लागलेला नव्हता. थोडं डोकं दुखणं, मळमळणं तिथे बऱ्याच जणांना होतं, तेव्हा थांबावं आणि वर जाऊ नये. पण माणूस असा गोंधळला की थांबूनही उपयोग नाही, उतरायलाच हवं. मी नाडी बांधली आणि त्यांचा दंड धरून 2700 मीटरवरच्या यामागोयात, म्हणजे डोंगरावरच्या मुक्कामाच्या घरात, खाली आणलं. तासाभराने त्यांनी स्वतःहून चहा मागितला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

पहाटे त्याच यामागोयाच्या अंगणातून सूर्योदय पाहिला. योशिदा वाट डोंगराच्या ईशान्य अंगाला आहे, त्यामुळे सूर्य तिथूनही समोरच उगवतो. म्हणून सांगते, आठव्याऐवजी सातव्या टप्प्यावर मुक्काम करा. दुपारी तीन-चारपर्यंत पोचा, झोपा, सूर्योदय तिथेच बघा आणि मग वर निघा. माथ्यावरचा सूर्योदय गाठायला निघालेली गर्दी तोवर पुढे गेलेली असते, आईला तिच्या चालीने चढता येईल. माथ्यावर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. बीपीच्या गोळीबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा.

देवीचं नाव कोनोहानासाकुया-हिमे. आईला हेही सांगा की 1872 पर्यंत बायकांना माथ्यावर जायला बंदी होती. ताकायामा तात्सु नावाची बाई 1832 मध्ये पुरुषाचा वेष करून वर गेली. मला प्रत्येक वेळी त्या वाटेवर तिची आठवण येते. एक विनंती, नारळ वगैरे वर ठेवू नका. नेलेलं सगळं खाली आणायचं असतं.

ओसाकाची_सून:
खाण्याचं मी सांगते. यामागोयात रात्री बहुतेक करी-राइस देतात आणि जपानी करीच्या मसाल्यात प्राण्यांची चरबी असू शकते, नुसतं मांस बाजूला काढून भागत नाही. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि राजगिऱ्याच्या वड्या नेल्या होत्या. वर भूक मरते, त्यामुळे एकेक घास सारखा खात राहायचा. शंभर येनची नाणी भरपूर ठेवा, वर शौचालयाला दर खेपेला दोन-तीनशे येन लागतात. जुलैतही माथ्यावर सरासरी 5 अंशांच्या आसपास तापमान असतं, वर वारा. स्वेटर, कानटोपी हवीच. आणि उतरताना आठव्या टप्प्यावर फाटा आहे, तिथे पाटीचा रंग बघा. पिवळी योशिदाची, लाल सुबाशिरी नावाच्या दुसऱ्या वाटेची. आम्ही धुक्यात लाल पाटीमागे गेलो आणि डोंगराच्या दुसऱ्याच बाजूला उतरलो.

नगरकर:
डोंगर जिवंत आहे, हेही लक्षात असू द्या. शेवटचा उद्रेक डिसेंबर 1707 चा. औरंगजेब आमच्या नगरजवळ गेला तेच वर्ष. तेव्हा राख एदोपर्यंत, म्हणजे आजच्या तोक्योपर्यंत पडली होती. त्यानंतर शांत आहे आणि हवामान खात्याची त्यावर कायम नजर असते. दगड गडगडत येतात म्हणून हेल्मेट मात्र जरूर घ्या.

बारीची_वाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला मोठ्याने वाचून दाखवलं. सातव्या टप्प्यावर राहायला ती तयार आहे, नारळही नेणार नाही म्हणाली. नाडीचं ऐकून बराच वेळ बोलली नाही. मग विचारलं, "त्या ताईंचे बाबा परत गेले का गं वर?"

योकोहामावासी:
नाही, त्यानंतर जपानला येणं झालं नाही. पाचव्या टप्प्यावर लाकडी काठी मिळते, वाटेतल्या घरांत तापलेल्या लोखंडाने तिच्यावर शिक्के उमटवून देतात. बाबांच्या काठीवर चार शिक्के आहेत, त्याच्या वर कोरं लाकूड. साताऱ्याला दारामागे उभी असते, अजिंक्यताऱ्यावर जाताना रोज तीच घेतात. आईंनाही एक घेऊन द्या.