'फतवा' : आदेश की अभिप्राय?

प्रश्न :
'पक्षश्रेष्ठींनी फतवा काढला' अशी वाक्ये मराठी वृत्तपत्रांत नेहमी वाचायला मिळतात आणि तेथे फतवा म्हणजे वरून आलेला, निमूटपणे पाळायचा आदेश, हे सहज कळते. मात्र अवयवदान किंवा कृत्रिम गर्भधारणा यांविषयीच्या फतव्यांबद्दल वाचताना हा अर्थ जुळत नाही. मूळ अर्थ कोणता आणि आजच्या लेखनात शब्द कसा वापरावा?

उत्तर :
इस्लामी धर्मशास्त्रात फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नावर जाणकाराने दिलेला शास्त्राधारित अभिप्राय. उत्तर देणारा तो मुफ्ती, विचारणारा तो मुस्तफ्ती आणि त्याचा प्रश्न म्हणजे इस्तिफ्ता. काझीचा निवाडा पक्षकारांवर बंधनकारक असतो, मुफ्तीचा अभिप्राय तसा नसतो; हा भेद इतका महत्त्वाचा मानला गेला की तेराव्या शतकात कैरोतील अल-कराफी या विद्वानाने त्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. फतव्याच्या शेवटी 'वल्लाहु आलम', म्हणजे 'अल्ला अधिक जाणतो', असे लिहिण्याची जुनी रीत आहे. आदेश काढणारा माणूस सहसा असे काही लिहीत नाही!

आधुनिक समाजाशी फतवे देण्याच्या या विद्येचा संबंध प्रामुख्याने येथेच येतो, कारण जुन्या ग्रंथांत नसलेला प्रश्न सामान्य माणूस किंवा डॉक्टर घेऊन येतो आणि मुफ्तीला जुन्या तत्त्वांवरून नवे उत्तर शोधावे लागते. जगातील पहिले परखनळी बाळ 1978 मध्ये जन्मले आणि 1980 मध्येच इजिप्तचे मुफ्ती जाद अल-हक यांनी हे उपचार ग्राह्य ठरवले. अट एकच, बीज पती-पत्नींचेच हवे, तिसऱ्याचे नको. सुन्नी विद्वानांनी बहुतांशी हीच भूमिका स्वीकारली. शियाबहुल इराणमध्ये मात्र तेव्हाचे सर्वोच्च नेते अली खामेनी यांनी 1999 च्या सुमारास काही अटींवर दात्याचे बीज घेण्यास मान्यता दिली आणि 2003 मध्ये तेथील संसदेने अपत्यहीन जोडप्यांना भ्रूणदान करण्याचा कायदा केला. एकाच प्रश्नावर भिन्न फतवे असू शकतात आणि फतवा व कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणात स्पष्ट दिसते.

विद्वानांच्या परिषदेने एकत्रितपणे घेतलेल्या निर्णयाला ठराव म्हणणे अधिक अचूक ठरेल. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह (धर्मशास्त्र) अकादमीने 1986 मध्ये अम्मान येथे मेंदूमृत्यूला मृत्यू मानण्याविषयी घेतलेला निर्णय या प्रकारात मोडतो.

शंका :
फतवा बंधनकारक नसेल, तर 1891 मध्ये ज्येष्ठ शिया धर्मगुरू मिर्झा शिराझी यांच्या नावाने निघालेल्या एका फतव्यामुळे इराणभर तंबाखूवर बहिष्कार कसा पडला आणि शहाला परदेशी कंपनीची मक्तेदारी कशी रद्द करावी लागली? शिवाय 1989 मध्ये इराणचे खोमेनी यांनी लेखक सलमान रश्दींना ठार मारण्याविषयी दिलेला फतवा हा केवळ अभिप्राय होता, असे कसे म्हणणार?

उत्तर :
शंका योग्य आहे आणि माझे पहिले विधान तिच्यामुळे थोडे मर्यादित करावे लागते. शिया परंपरेत श्रद्धावान ज्या मुज्तहिदाचे (शास्त्रावरून स्वतः निर्णय काढण्यास पात्र विद्वानाचे) अनुसरण करतो, त्याचा फतवा स्वतःवर बंधनकारक मानतो. शिवाय खोमेनी हे राष्ट्राचे सर्वोच्च नेते होते, त्यामुळे त्यांच्या शब्दामागे राजसत्ताही उभी होती. जगभरच्या वृत्तपत्रांत फतवा हा शब्द शिक्षेशी जोडला गेला तो मुख्यतः त्या प्रकरणामुळे, असे मला वाटते.

म्हणून मराठीत राजकीय उपरोधासाठी 'फतवा काढणे' खुशाल चालू राहावे. तो अर्थ आता मराठीचाच आहे. धर्मशास्त्राविषयी लिहिताना मात्र 'फतवा दिला' असे लिहावे आणि प्रश्न काय होता व तो कोणी विचारला होता, हे आधी सांगावे.