टायमर मेन सप्लायवर नको
घर गरम ठेवणाऱ्या इलेक्ट्रिक बॉयलरच्या मेन सप्लायलाच टायमर लावा म्हणजे वायरिंग वाचतं, असं कुणीतरी सुचवलंय, ते अजिबात करू नका. ९ किलोवॅटचा बॉयलर २३० व्होल्टवर ३९ अँपिअर ओढतो, साध्या टायमरचे कॉन्टॅक्ट जळतीलच, पण मोठा कॉन्टॅक्टर (जास्त करंट झेलणारा स्विच) टाकला तरी भानगड उरतेच, कारण हीटिंग बंद झाल्यावर एलिमेंटमधली (पाणी तापवणाऱ्या कॉइलमधली) उष्णता काढायला पाणी फिरवणारा पंप थोडा वेळ फिरावा लागतो, सप्लायच तोडला की तोही जागीच थांबतो नि ओव्हरहीट कटआउट (फार तापलं की बॉयलर बंद करणारा सुरक्षा स्विच) उडू शकतो, मग बसा रीसेट करत.

आमच्याकडे इंग्लंडमध्ये लेस्टरला इलेक्ट्रिशियनने सप्लाय कायम चालू ठेवलाय, रूम थर्मोस्टॅटच्या (खोलीच्या तापमानानुसार बॉयलर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) दोन वायरी फक्त कंट्रोल टर्मिनलला दिल्यात, तिथली कंपनीची लिंक (दोन टर्मिनल जोडणारा वायरचा तुकडा) काढून. ती लिंक राहिली तर थर्मोस्टॅट कितीही फिरवा, बॉयलर ढिम्म ऐकत नाही.